काळा झेंडा मी काढला होता

अठरा वर्षांपूर्वी एका ग्लेशियरवर मी एक झेंडा उपटला आणि परत लावला नाही. ही गोष्ट यंदाच्या मार्चपर्यंत मी कोणालाही सांगितलेली नव्हती. बायकोला नाही, युनिटमधल्या सोबत्यांना नाही, चौकशीला बसलेल्या अधिकाऱ्यांना तर नाहीच. मार्चमध्ये कसबा पेठेत दोन माणसांना सांगितली. त्यांच्या परवानगीने आता इथे लिहितो आहे.

मी इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. कोथरूडला राहतो. गेली सहा वर्षे आम्ही काही जण मिळून कॉलेजच्या मुलामुलींसाठी पर्वतशिक्षणाचा वर्ग चालवतो. ऑक्टोबर ते मार्च, दर रविवारी सकाळी सात वाजता. एक रविवार शाळेच्या हॉलमध्ये, एक रविवार सह्याद्रीतल्या एखाद्या कड्यावर. दोर, गाठी, बर्फावरचे चालणे, हिमनदी कशी बनते, कशी सरकते, कशी संपते. मे महिन्यात पंधरा जणांची तुकडी हिमालयातल्या एका ग्लेशियरवर जाते. तिथे नियम एकच कडक आहे. वर नेलेली प्रत्येक वस्तू खाली आणायची. बिस्किटाचा कागद, चहाचा चोथा, स्वतःची विष्ठासुद्धा, बंद पिशवीत. मुले मला पाठीमागे 'कचरा सर' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. लोकांना वाटते, माणसाला निसर्गाचे फार प्रेम. एकदोन ठिकाणी सत्कारही झाले. शाल घेताना माझी मान खाली जायची, ती नम्रतेच्या खात्यात जमा झाली.

आता त्या ग्लेशियरवरच्या आमच्या पोस्टविषयी.

उंची एकोणीस हजार फुटांच्या थोडी खाली. नऊ माणसे, फायबरच्या दोन झोपड्या, एक रेडिओ. मी हवालदार होतो आणि वर येऊन मला साठ दिवस झाले होते. पोस्ट कमांडर कॅप्टन साहेब, वय सव्वीस, त्यांना दहा दिवस. पहाटे चारला स्टोव्ह पेटवायचा आणि बर्फ वितळवून पाणी करायचे. पाचला रेडिओ चेक. मग झोपड्यांवरचा बर्फ फावड्याने ओढायचा. दहानंतर ऊन चढते, बर्फ मऊ होतो, म्हणून सगळी हालचाल त्याआधी. दर दोन दिवसांनी लिंक पेट्रोल. खालच्या पोस्टवरून तिघे-चौघे एका दोराला बांधून अर्ध्या रस्त्यापर्यंत येत, आम्ही वरून उतरत असू. रॉकेल, रेशन, टपाल, सगळे तसेच यायचे. रस्त्याला लाल झेंडे, प्रत्येकाला नंबर. जिथे क्रेव्हास, म्हणजे बर्फाला पडलेली खोल भेग, तिथे काळा झेंडा. काळा दिसला की पाऊल नाही. हा नियम रिक्रूटलाही पाठ असतो.

वर सगळे रॉकेलवर चालते. त्यामुळे रिकामे जेरीकॅन साठतात, टिनचे डबे साठतात, बुखारीच्या, म्हणजे रॉकेलच्या शेगडीच्या, नळीतून रोज पाव पोते काजळी निघते. हुकूम असा होता की प्रत्येक लिंक पेट्रोलने हा माल खाली न्यायचा. त्याला बॅकलोड म्हणतात. रजिस्टरमध्ये त्याचा वेगळा रकाना होता.

साठ दिवसांनंतर त्या उंचीवर माणूस बुटाची नाडी बांधूनसुद्धा धापा टाकतो. जाताना वीस किलो कचरा आणि येताना पंचवीस किलो रॉकेल, हे माझ्या माणसांना झेपत नव्हते. मी निर्णय घेतला. वर येताना चौदा नंबरच्या झेंड्यापासून डाव्या हाताला चाळीस पावलांवर एक अरुंद क्रेव्हास होती. माल तिथे टाकायला सांगितले. रजिस्टरमध्ये 'बॅकलोड केले' असे लिहिले आणि सही केली. ही युक्ती माझी नव्हती. मला ज्यांनी शिकवले त्यांनीही तेच केले होते, त्यांच्या आधीच्यांनीही. पण सही माझी होती.

काजळी काळी असते. पांढऱ्या बर्फावर पडलेले ऊन बरेचसे परत जाते, काळ्यावर पडलेले आत शिरते. आमच्या रॉकेलने भिजलेल्या काजळीने त्या भेगेच्या कडा खालून सुटत चालल्या होत्या. हे आता मी फळ्यावर आकृती काढून शिकवतो. तेव्हा एवढेच दिसत होते की भेगेचे तोंड आठवड्याला हातभर रुंद होते आहे. म्हणून मीच तिथे काळा झेंडा लावला होता.

मग संदेश आला की सीओ साहेब, म्हणजे पलटणीचे प्रमुख, पोस्ट बघायला येणार आहेत. हेलिकॉप्टर खाली उतरवून पुढचा रस्ता पायी चालायचा त्यांचा रिवाज होता. काळा झेंडा दिसला की ते कडेपर्यंत जाऊन आत वाकून बघत. आत काय दिसेल, ते मला माहीत होते. येण्याच्या दिवशी सकाळी सहाला मी एका सिपायाला दोराला घेऊन गेलो. त्याला सांगितले, झेंडा फाटलाय, बदलायचा आहे. काढला आणि जॅकेटमध्ये घातला. रात्री पडलेल्या भुसभुशीत बर्फाने भेगेचे तोंड बुजले होते. वरून सपाट, स्वच्छ दिसत होते.

सीओ साहेब आले, चहा प्यायले, रजिस्टर चाळले. म्हणाले, "क्लीन पोस्ट. वेल डन."

त्याच दुपारी हवा फिरली. दोन दिवस वारा आणि बर्फ. झोपडीच्या दारापर्यंत दोर धरून जावे लागत होते. झेंडा रेशनच्या पेटीमागे होता. वारा थांबला की लावू, असे मी ठरवले होते. हे खरे आहे. पण याला काही किंमत नाही.

तिसऱ्या दिवशी वारा थांबला. सकाळी सात वाजून दहा मिनिटे. सिपाही गणपत उठला नाही. हलवले तर ओठ निळे, छातीत घुरघुर. उंचीवर फुप्फुसात पाणी भरते, त्याला आम्ही हेपो म्हणतो. माणसाला खाली न्यायचे, नाहीतर हवाबंद पिशवीत झोपवून आतला दाब वाढवायचा. ढग खाली होते, हेलिकॉप्टर उडणार नव्हते. आमच्या पिशवीची चेन थंडीने तुटली होती. ऑक्सिजनचे सिलिंडर दीड.

सात पंचवीसला कॅप्टन साहेबांनी खालच्या पोस्टशी बोलणे केले. सात पन्नासला तिकडून नर्सिंग असिस्टंट निघाला. तिघांची दोरी, मागे बर्फावरून ओढायची स्लेज, स्लेजवर त्यांची हवाबंद पिशवी.

नर्सिंग असिस्टंट म्हणजे नायक यासीन आत्तार. मेडिकल कोअरचा, पुण्यात कसबा पेठेत वाढलेला, वय एकोणतीस. लिंक पेट्रोलला भेटला की राम राम घालायच्या आधी म्हणायचा, "बूट काढा. बोटं दाखवा." उणे तीसमध्ये बूट काढायला कोणाला आवडेल? लोक शिव्या द्यायचे. तो गुडघ्यावर बसून एकेक बोट दाबून बघायचा. "दहा आहेत अजून. घरच्यांना मोजून परत द्यायची आहेत मला." त्या मोसमात आमच्या पोस्टवर एकाचेही बोट गेले नाही. रेडिओवर हिंदीतच बोलायचा नियम होता, पण आम्ही दोघे पुण्याचे, सेटवर मराठीत घसरायचो. घरी त्याची मुलगी अकरा महिन्यांची होती. तिला पहिला दात आल्याची बातमी त्याने मला सेटवरच दिली होती.

नऊ पस्तीसला त्याचा आवाज आला. हँडसेट माझ्या हातात होता. शेजारी कॅप्टन साहेब गणपतच्या तोंडावर मास्क धरून बसले होते.

"साहेब, तेराजवळ आहोत. पुढे रस्ता फाटलाय. शिडीशिवाय जमणार नाही. डावीकडे सपाट दिसतंय, झेंडा नाही तिकडे. डावीकडून येऊ? ओव्हर."

यानंतर मी जे बोललो ते शब्दशः लिहितो.

"नको. वरून या. पन्नास मीटर वर चढा, मग आडवे या. ओव्हर."

"वर चढ फार आहे. स्लेज आहे बरोबर. डावीकडे काय आहे? ओव्हर."

कॅप्टन साहेबांना कामापुरते मराठी कळायचे. त्यांनी मान वर केली. "लेफ्ट में क्या है, हवालदार?"

एक वाक्य पुरे होते. डावीकडे आमचा खड्डा आहे, वर पातळ बर्फ आहे. हे बोलायला चार सेकंद लागतात. पण त्यानंतर साहेबांचा पुढचा प्रश्न आला असता, की मग तिथे झेंडा का नाही.

मी म्हणालो, "कुछ नहीं साहब. ऊपर का बर्फ पक्का है."

आणि सेटवर, "वरून या, एवढंच. ओव्हर."

तो म्हणाला, "रॉजर."

ऑपरेटरने लॉगमध्ये लिहिले, 'वरच्या मार्गाने येण्याचा सल्ला दिला.'

दहा वाजून पाच. "स्लेज दोनदा घसरून खाली आली. तिसऱ्यांदा बघतोय. ओव्हर."

दहा वीस. गणपतच्या तोंडातून गुलाबी फेस आला. साहेब म्हणाले, "पूछो, कितना टाइम."

मी विचारले. "पेशंटच्या तोंडात फेस आहे. किती वेळ लागेल? ओव्हर."

"वरून तास. जास्तच. सपाटावरून वीस मिनिटं. ओव्हर."

मी बटण दाबून धरले आणि काही बोललो नाही. किती वेळ, सांगता येणार नाही. सोडले तेव्हा तो बोलत होता.

"...मी पुढे राहतो. दोर लांब ठेवतो. स्लेज शेवटी. आउट."

आउट म्हणजे उत्तराची वाट नाही. मी तीनदा पुकारले, "थांबा. थांबा. तिथे येऊ नका." सेट गारठू नये म्हणून ते तो जॅकेटच्या आत ठेवत. आतून आवाज कोणाला जाणार. दोन जवान घेऊन मी बाहेर पडलो. कारण विचारायला साहेबांनी तोंड उघडले होते. मी थांबलो नाही. वरच्या उंचवट्यावर पोचलो तेव्हा दहा अठ्ठेचाळीस झाले होते. खाली तीन ठिपके सरकत होते. मी हात हलवला, ओरडलो. मग ठिपके दोन झाले.

दुसऱ्या नंबरच्या जवानाने दोर धरून ठेवला होता. आइस अॅक्स बर्फात, अंग त्यावर. तो उत्तम जवान होता. स्लेजवरची पिशवी मी माझ्याबरोबरच्या एकाकरवी वर पाठवली. अकरा पंचवीसला गणपत पिशवीत होता.

साडेअकराला मी दोरावरून भेगेत उतरलो. खोली चाळीस फुटांच्या आसपास. बर्फाचे छप्पर कोसळले, त्याबरोबर कडेवरून आमचा सगळा माल त्याच्या अंगावर आला होता. डबे, जेरीकॅन, काजळीची पोती. कमरेपासून खाली तो त्यात रुतला होता, छातीवर बर्फाचे ढेकूळ. शुद्धीवर होता.

"पिशवी?" त्याने विचारले.

"पोचली."

"चेन वरून लावायची म्हणावं. खालून अडकते."

त्याच्या गालाजवळ एक जेरीकॅन होता. त्यावर आमच्या पोस्टचा नंबर, पांढऱ्या रंगात, माझ्या अक्षरात. त्याने तो वाचला. मग माझ्याकडे बघितले.

"हे आपलंच सामान आहे होय," तो म्हणाला. घरी कपाटात एखादी हरवलेली वस्तू सापडावी, तसा.

मी म्हणालो, "बोलू नकोस. श्वास घे."

तेव्हाही मी त्याला सांगितले नाही.

बारा चाळीसला त्याला वर काढले. बारा पंचावन्नला चौदा नंबरच्या झेंड्याजवळ तो गेला. त्या संध्याकाळी मी काळा झेंडा बुखारीत जाळला.

चौकशी खाली बेस कॅम्पला झाली. मला तीन प्रश्न होते. डावीकडून येऊ नका असे तुम्ही सांगितले होते का? हो साहब. वरून या असे सांगितले होते का? हो साहब. त्यांनी पोच दिली होती का? रॉजर म्हणाले, साहब. तिन्ही उत्तरे खरी होती. लॉगही तेच सांगत होता. भेगेत डबे का होते, हे कोणी विचारले नाही. टाकणाऱ्या जवानांनी माझ्याकडे बघितले आणि तेही गप्प राहिले. निष्कर्षाचे वाक्य असे होते की नायक आत्तार यांनी पोस्टचा सल्ला डावलून, झेंड्यांनी आखलेला मार्ग सोडला. मी दिलेला अर्धा इशारा त्याच्या विरुद्ध पुरावा झाला.

निवृत्तीनंतर मी कसबा पेठेत त्याच्या घरी गेलो. त्याची पत्नी, शमीम वहिनी, वडिलांचे रेक्झिन-कॅनव्हास शिवण्याचे दुकान चालवतात. बँडवाल्यांच्या ढोलांची कव्हरे, भाजीवाल्यांच्या ताडपत्र्या, दप्तरे. मी काय बोलणार होतो, ते ठरवून गेलो होतो. पोचल्यावर म्हणालो, आमच्या वर्गासाठी कचरा आणायच्या पिशव्या शिवून हव्यात. तेव्हापासून दरवर्षी पिशव्या तिथूनच शिवून घेतो.

"मागच्या खेपेला तुम्ही शिलाई उसवली म्हणून बोललात," गेल्या वर्षी त्या म्हणाल्या होत्या. "साहेब, पिशवी कचऱ्याला दिली होती. दगड भरून आणायला नाही."

"एका पोराने दगड आणले खरे. नमुने म्हणून."

"मग त्याला सांगा, डोंगर तिथेच राहू दे. आमच्या दुकानात जागा नाही."

मी हसलो. काम देऊन आपण काहीतरी देतो आहोत, असे मला वाटत असे. इतकी वर्षे तसे वाटू दिले.

गेल्या ऑक्टोबरात वर्गाच्या अर्जांमध्ये एक नाव होते, सना यासीन आत्तार. जिऑलॉजीचे दुसरे वर्ष. तीच ती, दात यायला लागलेली मुलगी. नाही म्हणायला मला कारण नव्हते.

ती हुशार निघाली. जीभही धारदार. एकदा हॉलमध्ये एका मुलाने विचारले, "सर, आपल्याला पाणी खडकवासल्याचं. ग्लेशियर वितळला तर पुण्याचं काय जाणार?"

माझ्या आधी तीच बोलली. "हा प्रश्न फक्त पुण्यातच पडू शकतो."

हॉल हसला. मग तिने तिथल्या तिथे उत्तरही दिले. वितळलेले पाणी समुद्रात जाते, आपला किनारा इथून किती लांब आहे ते बघ, आणि उत्तरेत ज्यांचा गहू त्या पाण्यावर येतो त्यांच्या पोळ्या तूही खातोस.

फेब्रुवारीत मी काजळीचा प्रयोग केला. बर्फाच्या कारखान्यातून दोन सारख्या लाद्या आणायच्या. एकीवर दिव्याची काजळी भुरभुरायची, दुसरी तशीच, दोन्ही उन्हात. काळी लादी बघता बघता खचते. मुले फोटो काढतात. सना पट्टी घेऊन खोली मोजत बसली होती. काळ्या लादीला मध्ये भोक पडले तेव्हा तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले. मी दुसरीकडे पाहिले.

वर्ग सुटल्यावर ती थांबली. तिच्या हातात चौकशीच्या निष्कर्षाची झेरॉक्स होती, घड्यांवर फाटलेली.

"सर, हे पोस्टवरून बोलणारे हवालदार तुम्हीच ना?"

"हो."

"मग एक डाउट आहे. तुम्ही वरून या म्हणालात. का, ते नाही सांगितलं. लॉगमध्ये रीझन नाहीये."

"वारा होता," मी म्हणालो. "नीट आठवत नाही आता."

वारा थांबला होता, हे तुम्ही वर वाचले आहे.

तिने कागद घडी केला. "ओके. मला मेमध्ये तुमच्याच दोरीवर घ्या, सर. अब्बांनी नक्की काय चूक केली ते मला तिथे उभं राहून समजून घ्यायचंय. म्हणजे मी ती करणार नाही."

मी "बरं" म्हणालो. स्कूटरवर बसलो, किल्ली लावली आणि बराच वेळ ती फिरवली नाही. ही मुलगी न झालेली चूक शिकायला निघाली होती. शिकवणारा मी होतो. आणि ज्या बर्फावर ती पाय टाकणार तिथे माझ्या शब्दावर विश्वास ठेवून टाकणार, तिच्या बापासारखाच.

त्यानंतर तीन आठवडे मी कसबा पेठेच्या तोंडापर्यंत जाऊन परत येत होतो. मार्चमधल्या एका गुरुवारी दुपारी चारला आत गेलो. दुकानात वहिनी मशीनवर होत्या, सना पिशव्यांच्या भोकांना आयलेट, म्हणजे पत्र्याच्या कड्या, ठोकत होती.

"बसा साहेब. तीस झाल्यात, दहा राहिल्यात."

मी उभ्यानेच सांगितले. बसलो असतो तर उठून गेलो असतो. रजिस्टर, खड्डा, झेंडा, सीओ साहेबांची भेट, सेटवरचे वाक्य, साहेबांना दिलेले उत्तर, खाली उतरल्यावर त्याने वाचलेला नंबर. क्रमाने, वेळेसकट. कुठेही 'परिस्थिती' हा शब्द वापरला नाही. सनाचा हातोडा मधेच कधीतरी थांबला होता. वहिनींचा पाय मशीनवर होता, पण मशीन चालत नव्हते.

सांगून झाल्यावर त्यांनी विचारले, "तो जवान जगला ना? आजारी होता तो?"

"जगला. गावी असतो. दोन मुलं आहेत."

"यांना कळलं होतं? खड्डा तुमचा आहे ते?"

"कळलं होतं."

"रागावले?"

"नाही."

"ते रागवायचेच नाहीत. ते काम माझ्याकडे होतं." त्यांनी सुईखालचे कापड सारखे केले. "अठरा वर्षं मी त्यांच्याशी भांडतेय, साहेब. घरात अकरा महिन्यांची पोर, आणि यांना वीस मिनिटांची घाई. नको म्हणून सांगितलं होतं तरी गेले. ईदला फोटो पुसताना भांडले. हिला मार्क कमी पडले तेव्हा भांडले. मेलेल्या माणसाशी. तुम्ही दरवर्षी इथे येऊन शिलाई बघत होतात."

माफी मागायला गेलो होतो, पण ते शब्द तिथे ठेवायला जागा नव्हती.

सना म्हणाली, "झेंडा कुठाय?"

"जाळला."

"मी मेमध्ये जाणार. पण तुमच्या दोरीवर नाही."

"बरोबर आहे."

"आणि क्लासमध्ये सांगा. काजळीची लादी दाखवता ना, तेव्हा. नुसतं भोक दाखवून काय उपयोग, त्यात कोण पडलं तेही सांगायचं."

वहिनी म्हणाल्या, "क्लासचं नंतर. आधी जिथे त्यांच्या नावापुढे ते वाक्य लिहिलंय, तिथे लिहून द्या." मग त्यांनी मशीन सुरू केले. मी जायला निघालो तेव्हा मागून म्हणाल्या, "पिशव्या सोमवारी घेऊन जा. मुलांचं काम अडायला नको. दुसऱ्या कोणाला पाठवलंत तर बरं."

त्या रात्री बायकोला सांगितले. दुसऱ्या दिवशी जबाब लिहिला, सहा पाने, आणि सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसला रजिस्टर पोस्टाने पाठवला. एक प्रत तेव्हाच्या कॅप्टन साहेबांना. ते आता मोठ्या हुद्द्यावर आहेत. आठवड्याने त्यांचा फोन आला.

"मैंने पूछा था, लेफ्ट में क्या है."

"जी साहब. पूछा था."

फोन बंद झाला. चार दिवसांनी त्यांचे सही केलेले निवेदन मला मिळाले. त्यांनी माझ्या प्रत्येक वाक्याला दुजोरा दिला होता, आणि आपण हवालदाराचे उत्तर तपासून घेतले नाही, असे शेवटी स्वतःहून लिहिले होते. ते त्यांनी लिहायला नको होते. चूक माझी होती.

मार्चच्या शेवटच्या रविवारी वर्गात सांगितले. कोणी फोटो काढले नाहीत. दोन पालकांनी मुलांची नावे काढून घेतली, ते त्यांचे बरोबरच आहे. मेमधली तुकडी दुसऱ्या प्रशिक्षकाने नेली. मी बेसला राहून वजने केली. नेलेल्या मालापेक्षा नऊ पिशव्या जास्त आल्या. ग्लेशियरच्या टोकाशी, जिथून ओढा निघतो, तिथे मुलांना गंजलेले डबे सापडले होते. वर कुठेतरी, कधीतरी, कोणीतरी भेगेत टाकलेले. बर्फ दरवर्षी थोडा थोडा सरकतो आणि पोटात घातलेले सगळे खाली आणून ठेवतो. सनाने एक डबा माझ्यासमोर वजनकाट्यावर ठेवला, आकडा वहीत लिहिला आणि पुढची पिशवी उचलली. आमचे जेरीकॅनही असेच कुठेतरी सरकत असणार, माझ्या अक्षरातल्या नंबरासह. ज्या गावाच्या पाण्यात ते निघतील त्या गावाचे नाव मला माहीत नाही.

नायक यासीन आत्तार, नर्सिंग असिस्टंट. बोलावले म्हणून आला. कारण विचारले, ते त्याला मिळाले नाही. सांगितलेल्या रस्त्याने त्याने तीनदा प्रयत्न केला. समोरचा माणूस मरत होता म्हणून झेंडा नसलेल्या बर्फावरून गेला, आणि नियमाप्रमाणे तसे जाण्याचा त्याला पूर्ण अधिकार होता. त्याने मार्ग सोडला नाही. मार्गावरची खूण मी काढली होती.

माझ्या जबाबावर उत्तर आले आहे की प्रकरण विचारात आहे. म्हणजे ते वाक्य अजून त्याच्या नावापुढे आहे. ते तिथून काढून माझ्या नावापुढे लिहिले जाईपर्यंत मी त्याचे देणे लागतो.